नदीकाठच्या जमिनीवर बांधकाम आणि मगरींचा अधिवास: बडोद्यात या चुका टाळा

बडोद्यात नदीकाठची जमीन घेताना सातबारा, टीपी स्कीम (नगररचना योजना), त्यातला फायनल प्लॉटचा नंबर, रस्त्याची रुंदी हे सगळं दोन-दोनदा तपासलं जातं. काठावर मगरीची बिळं किंवा घरटी आहेत का, हे मात्र पोकलेन उतरल्यावर कळतं. तोवर नकाशे मंजूर झालेले असतात, बुकिंग सुरू झालेलं असतं, आणि एप्रिलमध्ये घरटं निघालं तर त्या पट्ट्यातलं काम पावसाळा लागेपर्यंत उभं राहतं. हा खोळंबा बहुतेक वेळा टाळता येतो. त्यासाठी बांधकामाचं वेळापत्रक आखण्याआधी मगरीचं वर्ष समोर मांडावं लागतं.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, शहराच्या मधून वाहत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. २०२५ च्या मोजणीत या नदीत चारशेहून जास्त मगरी असल्याचं समोर आलं. त्यामुळे समा, कमाटीबाग, अकोटा, मुजमहुडा, वडसर अशा कुठल्याही भागात काठाला लागून प्लॉट असेल, तर मगर तिथे आहे असं धरूनच सुरुवात करावी.

“आमची जमीन अभयारण्यात नाही, मग वनखात्याचा काय संबंध?”

सर्वांत जास्त लोक इथेच चुकतात. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मधलं मगरीचं संरक्षण त्या प्राण्याला आहे, ती जमीन कुणाची आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. मगर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. काठावर सापडणारी घोरपड, अजगर आणि मऊ पाठीची कासवंही पहिल्या अनुसूचीतच येतात. खासगी, बिनखेती झालेल्या प्लॉटवरही कायदा तसाच लागू होतो.

कलम २(१६) मधली ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या एकदा नीट वाचावी. प्राण्याला पकडणं, सापळ्यात अडकवणं, हुसकावून नेणं हे तर त्यात आहेच. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, अंडी किंवा घरटं विस्कटणं हीसुद्धा शिकारच ठरते. म्हणजे पोकलेनच्या एका बादलीत घरटं उचललं गेलं, तर शिकारीला बंदी घालणाऱ्या कलम ९ चं उल्लंघन झालं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद आणि कमीत कमी २५,००० रुपये दंड आहे. महानगरपालिकेची रजाचिठ्ठी (बांधकाम परवानगी) हातात असली तरी या कलमापासून सुटका होत नाही. रजाचिठ्ठी इमारतीपुरती असते.

२०,००० चौरस मीटरचा हिशेब

पर्यावरण मंजुरी २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर बांधीव क्षेत्रापासून लागते. इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, फक्त एफएसआयमध्ये (प्लॉटच्या मानाने परवानगी असलेल्या बांधकामात) धरलेलं क्षेत्र मोजायचं. या अधिसूचनेत बांधीव क्षेत्र म्हणजे सगळ्या मजल्यांचं मिळून झालेलं क्षेत्र, आणि त्यात बेसमेंट व सेवांसाठीच्या जागाही येतात. दोन बेसमेंट पार्किंग असलेला प्रकल्प कागदावर १६,००० दिसतो आणि प्रत्यक्षात २२,००० भरतो. दुसरी चूक, एकाच मालकाच्या लागून असलेल्या प्लॉटचे तुकडे करून वेगवेगळे अर्ज करायचे. छाननीत गुगलचा नकाशा उघडला की हे लगेच दिसतं.

मंजुरीच्या फॉर्म १ मध्ये प्रकल्पापासून १५ किलोमीटर हवाई अंतरात संरक्षित किंवा संवेदनशील प्रजातींची प्रजननाची, घरट्यांची, चरण्याची किंवा विश्रांतीची जागा आहे का, असा प्रश्न असतो. बडोदा शहरातल्या कुठल्याही प्लॉटपासून विश्वामित्री १५ किलोमीटरच्या आतच येते. तरीही कितीतरी अर्जांत तिथे ‘नाही’ भरलेलं असतं, कारण कन्सल्टंटने अहमदाबादच्या जुन्या फाइलमधला मजकूर उचललेला असतो. अधिसूचनेच्या परिच्छेद ८ मध्ये खोटी किंवा लपवलेली माहिती आढळल्यास अर्ज फेटाळण्याची आणि दिलेली मंजुरी रद्द करण्याची तरतूद आहे. ‘होय’ लिहा, अंतर मीटरमध्ये द्या आणि सोबत सर्व्हे जोडा.

पहिल्या अनुसूचीतली प्रजाती निघाली की संवर्धन आराखडा मागितला जातो, आणि त्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची मान्यता लागते. जनजागृतीचे फलक, रोपांचं वाटप आणि एक पोस्टर स्पर्धा एवढ्यावर बेतलेला आराखडा परत येतो, आणि यायलाच हवा. त्यात ०.५ मीटर समोच्च रेषांचा (जमिनीची उंची दाखवणारा) नकाशा, बिळांच्या आणि घरट्यांच्या खुणा, कोणत्या महिन्यात कोणतं काम बंद राहील, देखरेख कोण करणार आणि त्यासाठी वर्षाला किती पैसे ठेवले, एवढं तरी असावं.

प्रकल्प २०,००० च्या खाली असेल तर यातलं काही लागणार नाही, पण वर सांगितलेलं कलम ९ तरीही लागू राहील. चार बंगल्यांची स्कीम असली तरी काम सुरू करण्याआधी उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात सर्व्हेसह लेखी कळवून पोच घेऊन ठेवा.

चुकीच्या महिन्यात केलेला सर्व्हे

ऑगस्टमध्ये नदी दुथडी भरलेली असताना केलेल्या पाहणीत ‘मगर आढळली नाही’ असं लिहून येतं. ते खरंही असतं आणि निरुपयोगीही.

मगरींचं मीलन हिवाळ्यात होतं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मादी उतरत्या मातीच्या काठावर साधारण ३५ ते ५५ सेंटिमीटर खोल खड्डा करते, त्यात बहुधा २५ ते ३० अंडी घालते आणि माती लोटून बुजवते. उष्णतेनुसार ५५ ते ७५ दिवसांनी पिल्लं तयार होतात. ती आतून आवाज देतात तेव्हा मादी येऊन घरटं उकरते आणि पिल्लांना तोंडात धरून पाण्यात नेते. घरट्याच्या मातीचं तापमान एक-दोन अंशांनी बदललं तरी पिल्लं नर होणार की मादी, हे बदलतं. म्हणून घरट्यावरची सावली देणारी झाडी छाटली, की अंडं न फोडताही त्या वीणीवर परिणाम होतो.

याप्रमाणे सर्व्हेच्या किमान दोन फेऱ्या हव्यात. पहिली जानेवारीत: सलग तीन दिवस सकाळी ८ ते ११ ऊन खाणाऱ्या मगरींची मोजणी, आणि रात्री बॅटरीच्या झोतात चमकणाऱ्या डोळ्यांची मोजणी. प्लॉटच्या हद्दीपुरतं पाहून भागत नाही. वरच्या आणि खालच्या अंगाला २०० मीटर आणि समोरचा काठही पाहावा. चिखलातली पोट घसरल्याची खूण, मधोमध शेपटीची रेघ, पाण्याच्या पातळीजवळची बिळाची तोंडं हे सगळं जीपीएससह फोटोत घ्या. दुसरी फेरी मार्चअखेर ते एप्रिल, खास घरट्यांसाठी. नुकतीच उकरलेली भुसभुशीत माती, शेजारी अर्धवट सोडलेले एक-दोन खड्डे आणि जवळच पाण्यात ठाण मांडून बसलेली मादी दिसली, की घरटं आहे असं धरा. काठीने टोचून पाहू नका.

२०२५ मध्ये पावसाळ्याआधी, म्हणजे नेमक्या या विणीच्या महिन्यांत, शहरातल्या पट्ट्यात नदीचं खोलीकरण आणि रुंदीकरण झालं. काठाचा आकार त्यात बदलला. त्याआधीचा सर्व्हे अर्जाला जोडला असेल तर तो बाजूला ठेवून नव्याने करा.

काठालगतच्या मातीकामाला त्यातल्या त्यात सुरक्षित काळ म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी. पाणी उतरलेलं असतं, घरटी सुरू झालेली नसतात. पण हा काळही पूर्ण मोकळा नाही, आणि इथे जाणकारही चुकतात. गंगेच्या मऊ पाठीच्या कासवाची अंडी पावसाळ्याअखेरीपासून जमिनीत असतात आणि पुढच्या पावसाळ्याच्या सुमारास फुटतात; अजगर थंडीत साळिंदराच्या जुन्या बिळात पडून असतो. म्हणून डिसेंबरमध्येसुद्धा काठाचा पट्टा उघडण्याच्या आदल्या दिवशी जाणकाराकडून पायी तपासणी हवीच. फेब्रुवारी ते जुलैअखेर त्या पट्ट्यात यंत्र नको. प्लॉटच्या रस्त्याकडच्या भागातलं काम या काळात चालू ठेवता येतं. आराखडाच तसा दोन भागांत करा.

काठ कुठून मोजायचा

गुजरातच्या २०१७ च्या विकास नियंत्रण नियमांनुसार, जिथे नदी-नियंत्रण योजना झालेली नाही तिथे नदीच्या काठाच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत पूर्वपरवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही आणि भरावही टाकता येत नाही. कांस (नैसर्गिक ओढा), नाला, तलाव यांच्यासाठी हे अंतर किमान ९ मीटर आहे. चूक होते ती मोजण्यात. एप्रिलमधल्या पाण्याच्या कडेपासून टेप लावला जातो आणि ३० मीटरची रेषा थेट उतारावर पडते. काठाच्या वरच्या कडेपासून मोजा, आणि कोतर (पाण्याने कापलेली घळ) आत शिरलं असेल तर त्या कोतराच्या कडेपासून. रूपारेल, भूखी, मासिया या कांसांना लागून असलेल्या प्लॉटवाल्यांनी आपण नदीपासून लांब आहोत असं समजू नये. पावसाळ्यात मगरी याच वाटांनी आत येतात.

कोतरात डेब्रिस टाकून जमीन ‘समतल’ करणं हा तर सरळ गुन्ह्याला आमंत्रण देणारा प्रकार आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २५ मे २०२१ च्या आदेशात विश्वामित्रीचं पूरक्षेत्र आखून त्याचं रक्षण करायला सांगितलं आहे. भरावाने मिळवलेली जागा पुढे काढून टाकावी लागली, तर खर्च दुप्पट होतो.

पिचिंग आणि भिंत

काठ ढासळू नये म्हणून दगडी पिचिंग (उतारावर बसवलेलं दगडांचं अस्तर) किंवा आरसीसी भिंत थेट पाण्यापर्यंत नेली जाते. मगरीची बिळं काही मीटर आत गेलेली असतात. तोंड बंद केलं की आतली मगर अडकते. आणि बीळ रिकामं असलं तरी पिचिंगमागे पोकळी राहते, पहिल्याच पुरात पाणी तिथे शिरतं, माती वाहून जाते आणि पिचिंग खचतं. भिंत हवीच असेल तर ३० मीटरच्या रेषेमागे घ्या. उतार मातीचाच ठेवा, वाळा आणि स्थानिक गवत लावा. नदी वळणावर काठ कापत असेल तिथेच फक्त पायथ्याला दगड टाका, आणि मधे मातीचे उघडे पट्टे सोडा.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली आणि मगरी सोसायट्यांमध्ये शिरल्या. पाणी उतरल्यावर चारी बाजूंनी बंद कंपाउंडमध्ये मगर अडकून पडते. नदीच्या बाजूला, प्लॉटच्या सर्वांत सखल कोपऱ्यात, आतून उघडता येईल असं मीटर-सव्वा मीटर रुंद फाटक ठेवा.

“मगरी पकडून आजव्याच्या तलावात सोडून द्या”

हा सल्ला साइटवर कुणीतरी देतोच. पहिल्या अनुसूचीतला प्राणी हलवायचा तर कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि त्याआधी केंद्र सरकारची मान्यता लागते. परवानगी मिळाली तरी उपयोग थोडा. मोठी मगर आपला पट्टा धरून असते. नव्या जागी आधीच्या मगरींशी झुंज होते, किंवा ती परत यायला निघते आणि वाटेत रस्त्यावर सापडते. रिकामा झालेला काठ काही दिवसांत दुसरी मगर घेते.

साइटवरच्या छोट्या चुका

वेडी बाभूळ आणि गवत जेसीबीने एका दमात साफ करू नका. आधी हाताने २० सेंटिमीटरपर्यंत कापा, दोन दिवस थांबा, मग मुळापासून काढा. काम रस्त्याकडून नदीकडे सरकू द्या, म्हणजे घोरपडी आणि साप नदीच्या दिशेने निघून जातात. फुटिंगचे (पायाचे) चर रात्री उघडे राहत असतील तर प्रत्येक ३० मीटरला मातीचा उतार किंवा खडबडीत फळी लावा आणि सकाळी मजूर उतरण्याआधी आत पाहा. फ्लडलाइट नदीकडे वळवू नका. मजुरांच्या वस्तीतलं खरकटं आणि मटणाचा कचरा काठावर टाकू देऊ नका. त्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे मगर. बायकांना कपडे-भांडी धुवायला नदीवर जावं लागू नये म्हणून साइटवर नळ द्या.

घरटं निघालंच तर

यंत्र त्या क्षणी बंद करा आणि ज्या वाटेने आलं त्याच वाटेने मागे घ्या. सर्व बाजूंनी ३० मीटरवर दोरी बांधा. मादी जवळच असेल, म्हणून पाण्याच्या बाजूने कुणी जाऊ नये. अंडी उघडी पडली असतील तर ती उचलू नका, फिरवू नका: घातल्यानंतर साधारण एका दिवसात आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, आणि अंडं उलटलं की मरतो. फोटो काढा, वेळ आणि जीपीएस नोंदवा, वनखात्याच्या परिक्षेत्र अधिकाऱ्यांना फोन करा आणि त्याच दिवशी लेखी कळवा. माती परत लोटायची की नाही, हे त्यांना ठरवू द्या. पंचनामा झाल्याशिवाय जागा सोडू नका. तुम्ही स्वतःहून कळवलं, याचा तोच पुरावा असतो.

त्यानंतर अंडी कधी घातली हे माहीत नसल्याने ७५ दिवस धरून चाला. दोरीच्या आत मादीला पाण्यापासून घरट्यापर्यंत मोकळी वाट हवी. तिला हुसकावलं तर घरटं उकरायला कुणी येत नाही आणि घट्ट बसलेल्या मातीखाली पिल्लं गुदमरतात. पिल्लं निघाल्यावरही काही आठवडे मादी त्यांच्याजवळ थांबते. पावसाच्या पहिल्या सरींनंतर वीतभर पिल्लं चरात किंवा पाण्याच्या टाकीत सापडू लागली, तर बादलीत गोळा करून नदीत सोडू नका. फोन करा आणि वनखात्याचा माणूस येईपर्यंत त्या टाकीला सावली करून ठेवा.