कालचं खाणं आधी कागदावर उतरवा

‘बाई, हा काहीच खात नाही ओ,’ असं कुणी म्हणालं की मी आधी कागद काढते. काल उठल्यापासून निजेपर्यंत त्याच्या तोंडात काय काय गेलं, ते सांगा. चहात बुडवलेलं बिस्कीटही सांगा, शेजारच्या काकूने भरवलेला घासही सांगा. अकोले तालुक्यात, राजूरच्या वरच्या अंगाला माझी अंगणवाडी आहे. गृहभेटीत मी हेच करते, तुम्हीही घरी करा.

मोजायचं कसं? जागतिक आरोग्य संघटनेने सहा महिने ते दोन वर्षांच्या लेकरांसाठी आठ गट केलेत: आईचं दूध; धान्य आणि कंदमुळं; डाळी, कडधान्यं, शेंगदाणे, तीळ; दूध-दही; मटण, कोंबडी, मासळी; अंडी; पिवळी-केशरी फळं-भाज्या आणि हिरवा पाला; बाकीची फळं-भाज्या. दिवसाला यातले निदान पाच पोटात जायला हवेत. दोन वर्षांपुढच्या पोरांनाही मी हाच कागद लावते, आईच्या दुधाचा रकाना तेवढा खोडते.

गल्लत बटाट्यापाशी होते. बटाटा भाजीत धरायचा नाही, तो भात-भाकरीच्या गटात जातो. चहातलं चमचाभर दूधही मी दूध धरत नाही. वरणभात, बटाट्याची भाजी, चपाती, बिस्कीट, रात्री परत वरणभात अशी यादी सांगून आई खूश असते. मोजलं तर अंगावरचं दूध धरून तीनच गट.

आता रिकाम्या रकान्यावर बोट ठेवा आणि तो का रिकामा आहे ते विचारा. लेकराला आवडत नाही, हे कारण फार मागून येतं. बऱ्याचदा ती वस्तू घरात आलेलीच नसते. आमच्याकडे बाजाराला बहुतेक बापे जातात, येताना भेळभत्ता आणि गोडीशेव न विसरता आणतात. त्यांनाच काम सांगा: एक लाल भोपळा आणायचा. न चिरलेला भोपळा बरेच दिवस टिकतो, मऊ शिजतो, गोडसर लागतो, लहान पोरं चटकन खातात. दाराशी शेवगा असेल तर पाल्याचा प्रश्न मिटला. आमच्याच तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना २०२० ची पद्मश्री गावठी बियाणं जपल्याबद्दल मिळाली. वाल-घेवड्याचे किती प्रकार त्यांनी सांभाळलेत! परसात घेवड्याचा एक वेल आणि मेथीचा एक वाफा, एवढं कुणालाही जमतं. पावसाळ्यात कोवळा कुर्डू असतोच. पण रानभाजी ओळखीची असेल तरच खुडा आणि नीट शिजवा.

दुसरं कारण म्हणजे वस्तू घरात असते, पण लेकराच्या ताटात येत नाही. केळ्याने सर्दी होते, अंडं उष्ण पडतं, पाला पचत नाही. याची सुरुवात बाळंतपणापासून होते. आई जे खाते त्याची चव पोटातल्या बाळापर्यंत आणि पुढे दुधातूनही पोचते. आणि आपण बाळंतिणीला महिना-महिना ठरावीक दोन पदार्थांवर ठेवतो. पथ्याचं सुनेने सासूला सांगितलं तर भांडण होतं, म्हणून ते काम माझ्यावर सोपवा. मी आजींशी वाद घालत नाही. ‘आजी, तुमच्या हाताने अर्धं केळं कुस्करून द्या, दोन दिवस बघा, शिंकला तर मला बोला,’ एवढंच म्हणते. घरात माळ असेल तर अंड्याचा आग्रह धरत नाही. मग दही, तिळकूट आणि मोडाची कडधान्यं रोज हवीत. अंगणवाडीतून चालणाऱ्या अमृत आहार या सरकारी योजनेतही अंडं न खाणाऱ्यांना केळी मिळतात, ती मागून घ्या.

तिसरं कारण तिखट. मोठ्यांच्या कालवणात मसाला एवढा असतो की पोराला नुसता भातच उरतो. वेगळा स्वयंपाक करायला कुणाला वेळ आहे? डाळीतच भोपळा नाहीतर शेवग्याचा पाला टाका, हळद-लसूण घाला, शिजलं की लेकराची वाटी आधी काढा. उरलेल्यावर मग तुमची झणझणीत फोडणी. वाटी पळीने घोटा, मिक्सरला लावू नका. नऊ-दहा महिन्यांपर्यंत गोळे-गोळे असलेलं खायची सवय लागली नाही, तर पुढे चावायच्या पदार्थांना पोरं नाक मुरडतात. शेंगदाणे मात्र अख्खे कधीच नाही, कूटच द्या. वर्षाच्या आत मध चाटवू नका.

एवढं करूनही दोन-तीन वर्षांचं पोर नवं काही दिसलं की तोंड फिरवतं. त्या वयात ते होतंच. चिमूटभर द्या, नाही म्हणालं तर उचला, चार दिवसांनी परत द्या. आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावं लागतं. नाक दाबून भरवू नका आणि ‘भाजी खा, मग चॉकलेट’ हा सौदाही नको. त्यातून चॉकलेटच मोठं होतं. शेजारी कुणीतरी तेच खात बसलेलं असू द्या. माझ्याकडे एक पोरगी अंड्याच्या वासानेच उठून जायची. तिच्या मोठ्या भावाला मी तिच्याजवळ बसवलं. तो पांढरं खायचा आणि पिवळा बलक ताटलीच्या कडेला सारायचा. एके दिवशी तिने त्या बलकाला बोट लावलं, चाटलं, आणि गपचूप उरलेला संपवला. पांढरं ती अजून खात नाही. मी मागे लागत नाही.

पाच रुपयांच्या पुड्या आणि जेवणाआधीचा चहा बंद करा. चहाने भूक मरते, जेवणातलं लोहही अंगी लागत नाही. दोन पुड्यांच्या पैशांत एक अंडं येतं.

पंधरा दिवसांनी परत एका दिवसाचं खाणं लिहा आणि आधीच्या कागदाशेजारी ठेवा. वजनाला दर महिन्याला आणा. लागोपाठ दोन महिने वजन वाढलं नाही, किंवा लेकरू गिळताना ठसकतं, मऊ घासही अडकतो, तर पदार्थ बदलत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवा आणि जाताना ते दोन्ही कागद बरोबर न्या.