नॉइज लॉगरचा हँडहेल्ड कंट्रोलर कसा वापरावा : ठाणे-नवी मुंबईच्या पाणीवेळा धरून

पाणी नवी मुंबईत मोरबे धरणातून येवो, की ठाण्यात स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी, मुंबई महापालिका आणि ठाण्याची स्वतःची योजना अशा चार वाटांनी. एकदा ते जमिनीखालच्या पाइपात शिरलं की पुढे त्याचं काय होतं ते वरून दिसत नाही. फुटलेल्या पाइपचं पाणी रस्त्यावर आलं तर दहा जण फोन करतात. पण बऱ्याचदा ते शेजारच्या पावसाळी गटारात उतरतं आणि कुणाला पत्ता न लागता महिनोन्‌महिने वाहत राहतं. अशी दडलेली गळती आवाजावरून हेरायची तर नॉइज लॉगर लागतात, आणि त्यांच्याशी बोलायला हातातला कंट्रोलर.

पालिकेच्या ठेकेदाराकडचा नवा मुलगा असो की एखाद्या मोठ्या टाऊनशिपचा प्लंबिंग सुपरवायझर, यंत्र हातात आलं की सगळे आधी बटणं शिकायला बसतात. बटणं तासाभरात येतात. खरी गोम लॉगरने कोणत्या वेळी ऐकायचं हे ठरवण्यात आहे, आणि आपल्याकडे काम फसतं ते तिथेच.

यंत्र काय करतं

लॉगर हातात मावेल एवढा, जलरोधक, बुडाशी जबर चुंबक असलेला. तो व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर, म्हणजे व्हॉल्व्ह ज्याने फिरतो त्या दांड्यावर, किंवा लोखंडी पाइपवर चिकटवतात. दाबाखालचं पाणी चिरेतून बाहेर पडताना पाइपची भिंत थरथरते आणि ती थरथर पाइपभर पसरते. लॉगर ठरवून दिलेल्या वेळेत ती सतत मोजतो आणि शेवटी मुख्यतः दोन आकडे काढतो. पहिला लेव्हल, म्हणजे आवाज किती मोठा. दुसरा स्प्रेड, म्हणजे तो किती वरखाली होत होता. गाडी येते-जाते, कुणी नळ उघडतो-बंद करतो, कुत्रं भुंकून थकतं. गळती मात्र एका सुरात चालू असते. म्हणून लेव्हल जास्त आणि स्प्रेड कमी, ही जोडी दिसली की कान टवकारायचे.

कंट्रोलरची कामं तीन: लॉगरला वेळ आणि सूचना देणं, दुसऱ्या दिवशी रेडिओवरून आकडे गोळा करणं, आणि संशयित लॉगर वेगळे काढून दाखवणं. बटणांची नावं कंपनीगणिक बदलतात, क्रम साधारण हाच राहतो.

आधी चावीवाल्याला गाठा

बहुतेक संचांत रेकॉर्डिंगची वेळ कारखान्यातूनच रात्री २ ते ४ अशी भरलेली असते. जिथे २४ तास पाणी असतं तिथे ती योग्यच आहे: लाइन भरलेली, लोक झोपलेले, रस्ता मोकळा. आपल्याकडच्या अनेक भागांत पाणी ठरावीक तासांनाच येतं. रात्री दोनला लाइन कोरडी असेल तर लॉगर अगदी निष्ठेने शांतता रेकॉर्ड करतो आणि सकाळी कंट्रोलरवर हिरवी खूण येते. ‘गळती नाही’ आणि ‘पाणीच नव्हतं’ या दोन्हींना स्क्रीनवर एकच हिरवा रंग. या हिरव्या खुणेवर विसंबून अख्खा सेक्टर ‘तपासला’ म्हणून सोडून दिला जातो.

म्हणून कंट्रोलर चालू करण्याआधी त्या भागाच्या व्हॉल्व्हमनशी, म्हणजे चावीवाल्याशी, बोला. कागदावरचं वेळापत्रक विचारू नका, ते तुम्हालाही मिळेल. विचारायचं ते असं: व्हॉल्व्ह नक्की किती वाजता फिरवता? शेवटच्या बिल्डिंगला पाणी किती वेळाने पोचतं? सोसायट्यांच्या टाक्या साधारण कधी भरतात? या आठवड्यात शटडाऊन आहे का? शटडाऊननंतर दाब पूर्ववत व्हायला वेळ लागतो, तेव्हा दुसऱ्या दिवशीचं रेकॉर्डिंगही टाळलेलं बरं.

व्हॉल्व्ह उघडल्यावर पहिला अर्धा तास सोडून द्या. लाइनमधली हवा सूं-सूं करत बाहेर पडते, एअर व्हॉल्व्ह ओरडतात, आणि प्रत्येक लॉगर गळती सांगतो. सगळ्यात चांगला काळ पाणीपुरवठ्याच्या शेवटाकडचा, टाक्या भरून फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारा) बंद झाल्यानंतरचा. पाणी दिवसाच येत असेल तर एका मोठ्या वेळेऐवजी सलग दोन-तीन दिवस त्याच तासाला रेकॉर्डिंग लावा आणि सगळ्या दिवसांची तुलना करा. पाणीपुरवठा विभागाने एका रात्रीपुरती लाइन चार्ज, म्हणजे दाबाखाली भरलेली, ठेवायला मान्यता दिली तर सोन्याहून पिवळं. मोठ्या टाऊनशिपला हे तुलनेने सोपं जातं, कारण आतले व्हॉल्व्ह तिच्याच ताब्यात असतात.

दाब मोजायला विसरू नका. टाकीच्या आधीच्या नळाला गेज लावून बघा. एक केजीच्या, म्हणजे साधारण दहा मीटर उंच पाण्याच्या दाबाखाली दाब असेल तर गळती असूनही ती नीट बोलत नाही.

रात्रीची वेळसुद्धा सगळीकडे शांत नसते. वाशीच्या एपीएमसी या घाऊक बाजाराभोवती पहाटेच्या आधीच ट्रकची रीघ असते. तिथे २ ते ४ ही ऐकण्यासाठी सगळ्यात वाईट वेळ. ट्रान्स-हार्बर लाइनच्या कडेला शेवटची लोकल गेल्यानंतर आणि पहिली सुटण्याआधीचा पट्टा धरावा.

कंट्रोलर तयार करणं

ऑफिसात असतानाच चार्जिंग पूर्ण करा आणि घड्याळ जुळवा. कंट्रोलर वेळ जीपीएसवरून किंवा लॅपटॉपवरून घेतो आणि तीच प्रत्येक लॉगरला देतो. त्यामुळे कंट्रोलर अर्धा तास चुकीचा असेल तर सगळे लॉगर एकदिलाने अर्धा तास चुकीचे. परदेशी बनावटीच्या संचात टाइम झोन आवर्जून बघा. आपला साडेपाच तासांचा फरक निवडलेला नसेल तर रात्रीचं रेकॉर्डिंग भर गर्दीच्या वेळी होतं.

मग नवीन काम उघडून नाव द्या. ‘टेस्ट १’ असलं नाव महिन्याभराने कुणालाच कळत नाही. नोड (वाशी, घणसोली असा नवी मुंबईचा विभाग), सेक्टर, लाइनचा व्यास आणि तारीख लिहा. त्याच पानावर तीन वेळा भरायच्या: रेकॉर्डिंग सुरू, रेकॉर्डिंग बंद आणि रेडिओ चालू राहण्याची वेळ. ही तिसरी वेळ हमखास राहून जाते. बॅटरी वाचवण्यासाठी अनेक लॉगर दिवसातले काही तासच रेडिओवर बोलतात. तुम्ही सकाळी दहाला फिरणार आणि लॉगर आठलाच गप्प झाला, तर फेरी फुकट.

चेंबरवर

दोघांनी जा. एकाने रहदारीकडे तोंड करून उभं राहायचं, शंकू आणि जाकीट ही शोभेची वस्तू नाही. झाकण उघडल्यावर लगेच तोंड आत घालू नका. साचलेल्या चेंबरमध्ये विषारी वायू असू शकतो किंवा प्राणवायू कमी असतो. खोल चेंबरमध्ये गॅस तपासल्याशिवाय उतरायचंच नाही. बऱ्याच वेळा उतरायची गरजही नसते, हात किंवा हुक पोचतो.

आत काय दिसेल ते सांगतो. वर गुटख्याच्या पुड्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या, खाली वीतभर गाळ, त्यातून डोकावणारं गंजलेलं स्पिंडल. लॉगर असाच चिकटवला तर तो गंजाच्या पापुद्र्यावर बसतो आणि आवाज तिथेच मरतो. तारेच्या ब्रशने स्पिंडलचा माथा घासा, चकाकी दिसेपर्यंत. फडक्याने पुसा. मग लॉगर सरळ उभा, हळूच टेकवा. वरून आपटू नका, आतला सेन्सर नाजूक असतो. हलक्या हाताने हलवून बघा. डुगडुगत असेल तर पुन्हा घासा. चुंबक जोरदार असतो, तेव्हा पेसमेकर असलेल्या माणसाने हे काम करू नये आणि एटीएम कार्ड त्याच खिशात ठेवू नये.

आता कंट्रोलर जवळ धरून लॉगर जागा करा. नंबर स्क्रीनवर आला की तो लॉगरच्या अंगावरच्या नंबराशी डोळ्यांनी ताडून बघा, कारण शेजारी ठेवलेल्या खोक्यातला दुसराच लॉगरही उत्तर देऊ शकतो. सूचना पाठवा, ‘स्वीकारल्या’ अशी पोच येऊ द्या, पाइपचा प्रकार भरा, जागेची नोंद करा. जीपीएसवर सगळा भार टाकू नका. घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये ते रस्त्याची बाजूही बदलून दाखवतं. फोटो काढा आणि ‘गेट दोनसमोर, डावा चेंबर’ असं साध्या मराठीत लिहा.

झाकण लावा आणि मग पुन्हा एकदा लॉगरशी संपर्क करून बघा. उघड्या चेंबरमध्ये रेडिओ सगळ्यांचाच चालतो. जाड लोखंडी झाकणाखालून रेडिओचा सिग्नल येत नसेल तर अँटेना वर घ्यावी लागते. पावसाळ्यात चेंबर भरले की लॉगर रेकॉर्डिंग करतो, पण पाण्यातून रेडिओ बाहेर येत नाही. मग तो काढूनच वाचावा लागतो.

लोखंडी लाइनवर दोन लॉगरमध्ये शंभर ते दीडशे मीटर अंतर चालतं. एचडीपीई किंवा पीव्हीसीवर चाळीस-पन्नासच्या पुढे जाऊ नका, प्लॅस्टिक आवाज गिळतं.

सकाळची फेरी आणि आकडे

कंट्रोलरवर फेरीचा पर्याय निवडून गाडी सावकाश चालवा किंवा सरळ चालत जा. अरुंद गल्ल्यांत पार्किंगमुळे चालणंच बरं पडतं. एकेक लॉगर यादीत उमटत जातो. जो उमटला नाही त्याची लगेच नोंद करा. न मिळालेला लॉगर म्हणजे गळती नसलेला लॉगर नव्हे.

समजा, घणसोलीतल्या एका डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे लोखंडी) लाइनवर ओळीने सहा लॉगर आहेत. तिसऱ्याची लेव्हल ४१, स्प्रेड ३. चौथ्याची ३३ आणि ४. दुसऱ्याची १९ आणि ९. पहिला आणि पाचवा १२ च्या आसपास, स्प्रेड १८. सहावा ठाणे-बेलापूर रोडला लागून, लेव्हल ३० पण स्प्रेड २५. सहाव्याची ३० बघून घाबरायचं कारण नाही, ते ट्रक आहेत. गळती तिसऱ्या-चौथ्याच्या मधे, तिसऱ्याच्या बाजूला शोधायची. हे आकडे प्रत्येक कंपनीच्या मोजपट्टीवर वेगळे येतात, म्हणून दोन कंपन्यांचे लॉगर एका ओळीत मिसळू नका.

लेव्हल मोठी म्हणजे गळती मोठी, असंही समजू नका. बारीक चीर जास्त दाबाखाली शिट्टी मारते. मोठं भगदाड दाबच घालवून बसतं आणि घोगरं, हळू बोलतं.

तोतये

एका सुरात आवाज करणारी प्रत्येक गोष्ट गळती नसते. अर्धवट उघडा व्हॉल्व्ह, दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, लाइनला थेट लावलेला पंप, शेजारचा ट्रान्सफॉर्मर, हे सगळे लॉगरला फसवतात. आपल्या भागातला सगळ्यात पक्का तोतया म्हणजे सोसायटीची जमिनीखालची टाकी. फ्लोट व्हॉल्व्ह बिघडलेला असेल किंवा टाकी भरतच नसेल तर पाणी अखंड आत पडत राहतं, आणि आकडे हुबेहूब गळतीचे येतात. तेव्हा खोदाईची भाषा करण्याआधी संशयित लॉगरच्या आसपासच्या इमारतींचे कॉक पंधरा मिनिटं बंद करून घ्या आणि कंट्रोलरवर थेट आवाज बघा. आवाज पडला तर पाणी टाकीत जात होतं किंवा गळती कॉकच्या पलीकडे, सोसायटीच्या हद्दीत आहे. तसाच राहिला तर पुढची पायरी.

जागा नेमकी करणं

कंट्रोलरमध्ये किंवा सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये कोरिलेशनची सोय असेल तर शेजारच्या दोन लॉगरचे आवाज ताडून अंतर काढता येतं. हिशेब सरळ आहे: दोन लॉगरमधल्या अंतरातून वेग गुणिले वेळेतला फरक वजा करा आणि अर्धं करा. अंतर १२० मीटर, लोखंडी पाइपातला वेग सेकंदाला १२०० मीटर, फरक २५ मिलिसेकंद. १२० वजा ३०, त्याचं अर्ध ४५. आवाज ज्याला आधी पोचला त्या लॉगरपासून ४५ मीटरवर.

आता तीच लाइन प्रत्यक्षात प्लॅस्टिकची असेल, वेग सेकंदाला ४०० मीटर, तर उत्तर ५५ मीटर येतं. दहा मीटर चुकीचा खड्डा. मधेच कधीतरी दुरुस्तीत एचडीपीईचा तुकडा बसवलेला असतो आणि नकाशाला त्याचा गंध नसतो. तो माहीत असतो जुन्या व्हॉल्व्हमनला किंवा फिटरला. अंतर पाइपच्या मार्गावरून मेजरिंग व्हीलने मोजा.

शेवटचा शब्द कानाचा. ग्राउंड मायक्रोफोन किंवा साधी ऐकायची सळी घेऊन त्या जागेच्या दोन्ही बाजूंना मीटर-मीटरवर ऐका, जिथे आवाज सगळ्यात मोठा तिथे खडूने खूण करा. रस्ता खोदायला परवानगी लागते आणि पावसाळ्यात ती सहजी मिळत नाही, म्हणून खूण करण्याआधी आणखी एक रेकॉर्डिंग घ्यायला हरकत नसावी.

दुरुस्ती झाली तरी लॉगर लगेच उचलू नका. गळती बंद झाली की लाइनचा दाब वाढतो आणि आधी गप्प असलेली शेजारची चीर बोलू लागते. पाण्याच्या पुढच्या वेळेला पुन्हा रेकॉर्डिंग घ्या, आकडे खाली आले की मगच लॉगर काढा, धुऊन पुसा आणि कंट्रोलरवरून झोपवूनच खोक्यात ठेवा. नाहीतर तो गोदामात बसून रोज रेकॉर्डिंग करत राहतो, आणि बऱ्याच लॉगरची बॅटरी आपल्याला बदलता येत नाही.