बयाणा माफी नाकारली जात होती, ती अशी मिळाली

इंदूरला रामबागेत आमचं चादरी आणि अभ्रे शिवायचं काम आहे. चार मशिनी, मी आणि तीन बायका. जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर, सरकारी रुग्णालयाच्या चादरींची बोली भरली. सूक्ष्म-लघु उद्योगांना बयाणा रक्कम (बोलीसोबत भरायची अनामत) माफ असते, म्हणून उद्यमचं, म्हणजे अशा उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र जोडलं. तांत्रिक छाननीतच बाद! पुढच्या वेळीही तेच. फार जिवाला लागलं.

मग एका रात्री सासूबाईंनी शेजारी बसून प्रमाणपत्र ओळ न् ओळ वाचायला लावलं. मुख्य व्यवसाय: ट्रेडिंग. कोड ४७ने सुरू होणारा, म्हणजे किरकोळ विक्री. नोंदणी करून देणाऱ्या मुलानं "दुकान आहे ना?" विचारलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं. व्यापाऱ्यांना २०२१पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्र कर्जापुरती. २०१२च्या सरकारी खरेदी धोरणातली बयाणा माफीची सवलत त्यांना नाही.

दुरुस्ती फुकट असते. कुणाला पैसे देऊ नका. उद्यम पोर्टलवर आधारच्या मोबाइलवरचा ओटीपी टाकून व्यवसाय मॅन्युफॅक्चरिंग केला, १३ने सुरू होणारा कापडी वस्तूंचा कोड घातला. जीएसटीतही उत्पादन जोडलं. जेमच्या प्रोफाइलमध्ये उद्यम पुन्हा पडताळून घ्या, मी आधी हेच विसरले होते.

तिसरी बोली छाननीतून पार झाली. त्या धोरणात ३ टक्के खरेदी महिला उद्योजकांकडून करायची असते, तेव्हा बायकांनो, प्रोफाइलमध्ये तेही तपासा.