'द मेसेज' कसे ऐकावे: तबकडीवरची नावे आणि कानावर पडणारे आवाज

एखाद्या जुन्या हिप-हॉप गाण्याची पडद्यामागची हकीकत समजून घ्यायची असेल, तर तबकडीवर छापलेली नावे आणि प्रत्यक्ष ऐकू येणारे आवाज यांचा मेळ बसतो का, हे आधी पाहावे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील 'ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरिअस फाइव्ह' या समूहाच्या नावाने 'शुगर हिल रेकॉर्ड्स'ने १९८२ साली काढलेले 'द मेसेज' हे गाणे त्यासाठी मला सर्वांत योग्य वाटते, कारण तिथे हा मेळ बसत नाही.

सात मिनिटांहून थोडी मोठी असलेली संपूर्ण आवृत्तीच मिळवावी. पहिल्यांदा ऐकताना शब्दांकडे लक्ष न देता केवळ आवाज मोजावेत. समूहात मेली मेल, किड क्रिओल, काउबॉय, स्कॉर्पिओ आणि राहीम असे पाच रॅपर होते. पण कडवी म्हणणारे आवाज दोनच आहेत. एक मेली मेलचा, आणि दुसरा एड फ्लेचर ऊर्फ ड्यूक बूटी याचा, जो समूहात नव्हताच, तर कंपनीच्या स्टुडिओत वाजवणारा वादक होता. समूहाचा डीजे, म्हणजे तबकड्या फिरवून संगीत रचणारा, फ्लॅश याची करामतही इथे ऐकू येत नाही. ती ऐकायची असेल, तर त्याने टर्नटेबलांवर (तबकडी फिरवण्याच्या यंत्रांवर) रचलेली १९८१ ची 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ ग्रँडमास्टर फ्लॅश ऑन द व्हील्स ऑफ स्टील' ही तबकडी शेजारी ठेवावी.

असे का झाले, याचे उत्तर गाण्याच्या संथ चालीत आणि विषयात आहे. मूळ गाणे फ्लेचरचे होते, आणि समूहाने ते करावे असा कंपनीच्या प्रमुख सिल्व्हिया रॉबिन्सन यांचा आग्रह होता. परंतु नाचगाण्यांच्या मैफलींत नाव कमावलेल्या या मंडळींना दारिद्र्याचे इतके गंभीर वर्णन श्रोत्यांना रुचेल असे वाटेना. अखेर मेली मेल तेवढा तयार झाला.

आता शेवटच्या कडव्यापाशी थांबावे. जन्माला आलेल्या मुलापासून तुरुंगातल्या मृत्यूपर्यंतचा प्रवास सांगणारे हे कडवे या गाण्यासाठी लिहिलेलेच नव्हते. 'एन्जॉय रेकॉर्ड्स'ने १९७९ मध्ये काढलेल्या याच समूहाच्या 'सुपररॅपिन' या तबकडीवर मेली मेलने ते आधीच म्हटले होते. दोन्ही तबकड्या पाठोपाठ ऐकाव्यात. तिथे ते धावत्या ठेक्यावर, इतर रॅपरांच्या हजेरीत निघून जाते. इथे भोवतीच्या मोकळ्या जागेमुळे त्याचा प्रत्येक शब्द अंगावर येतो. माझ्या मते या गाण्याबद्दलची सर्वांत मोलाची माहिती हीच आहे, कारण ती वाचून नव्हे, तर ऐकून पटते.

त्यानंतर चित्रफीत पाहावी आणि राहीमच्या ओठांकडे लक्ष द्यावे: तो हलवतो ते ओठ फ्लेचरच्या आवाजावर. समूहातल्या इतरांचे खरे आवाज शेवटच्या प्रसंगात येतात, जिथे रस्त्यावर गप्पा मारणाऱ्या मित्रांना पोलीस पकडून नेतात.

सरतेशेवटी श्रेयनामावली वाचावी. गीतकार म्हणून फ्लेचर, मेली मेल, सिल्व्हिया रॉबिन्सन आणि कंपनीचा संगीत-संयोजक जिग्ज चेस अशी चार नावे आहेत. त्यांच्याशी २००७ ची यादी ताडून पाहावी: 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' या अमेरिकेतील सन्मान-संस्थेत प्रवेश मिळालेला हा पहिला हिप-हॉप समूह ठरला, तेव्हा फ्लॅश आणि पाचही रॅपरांची नावे त्यात होती, फ्लेचरचे नव्हते.