घराच्या रक्षणासाठी पंप शॉटगन: निवड, जुळवणी आणि रात्रीची तयारी

गावाकडे आपण जिला बाराबोर म्हणतो, तीच अमेरिकेतली ट्वेल्व्ह गेज. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातला एक गोळा जिच्या नळीत बरोबर बसेल ती बाराबोर. वीस गोळे केले तर ट्वेंटी गेज. म्हणून इथे आकडा वाढला की नळी अरुंद होते.

मी टेक्सासमध्ये राहतो. शहराबाहेर मोठ्या जागेवर घर घेतलेले ओळखीचे लोक अधूनमधून विचारतात, "घरासाठी एखादी शॉटगन घ्यायची आहे, दुकानात बरोबर येशील का?" त्यांना कंपनीबद्दल बोलायचं असतं. मी आधी विचारतो, की घरात कोण कोण राहतं, आणि भारतातून कोण येणार आहे. बंदूक कुठली घ्यायची, ती कशी ठेवायची आणि मुळात घ्यायची की नाही, हे बरंचसं त्या उत्तरावरच ठरतं.

कागदपत्रं

एच-१बी, एच-४ (एच-१बीवरच्या माणसाच्या जोडीदाराचा आणि मुलांचा), एल-१, एफ-१ किंवा बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक विकत घ्यायला आणि जवळ बाळगायलाही मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं, असे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही आडकाठी नाही. पण नवरा नागरिक आणि बायको एच-४वर असेल, तर तिजोरीची किल्ली तिच्याकडे असणं म्हणजे बंदूक तिच्या ताब्यात असणं, असा अर्थ लागू शकतो. अशा घराने खरेदीआधी वकिलाला गाठावं. इथे चूक झाली तर प्रकरण दंडावर थांबत नाही, इमिग्रेशनपर्यंत जातं.

परवानाधारक दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, मग पार्श्वभूमीची तपासणी होते. त्यापुढे राज्यागणिक नियम बदलतात. न्यू जर्सीत आधी खरेदीदाराचं ओळखपत्र काढावं लागतं, इलिनॉयमध्ये एफओआयडी, म्हणजे बंदूकधारकाचं ओळखपत्र, लागतं, टेक्सासमध्ये असं काही लागत नाही. मुलांच्या हाती बंदूक लागू नये म्हणून ती कशी ठेवायची, याचेही कायदे अनेक राज्यांत आहेत. आपल्या राज्याचे नियम दुकानदाराच्या तोंडून ऐकून थांबू नका, राज्याच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा.

बंदूक निवडताना

पंप बंदुकीत पुढची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं आत बसतं. यंत्र साधं आहे. हलक्या भाराच्या काडतुसावरही ते चालतं, कारण त्याला स्फोटाचा जोर लागत नाही, तुमच्या हाताचा लागतो. हाच तिचा गुण आणि हीच तिची अडचण. घाबरलेल्या माणसाने मूठ अर्धवट ओढली, तर बंदूक अडकते.

दुकानात दोन नावं हमखास पुढे येतात, रेमिंग्टन ८७० आणि मॉसबर्ग ५००. दोन्ही अनेक दशकं चालत आलेल्या आहेत आणि प्रत्येकीची विक्री एक कोटीच्या पुढे गेलेली आहे, त्यामुळे सुटे भाग कुठेही मिळतात. फरक खटक्यात आहे. मॉसबर्गचा सेफ्टीचा, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेला, खटका वरच्या बाजूला, अंगठ्याखाली येतो. डावखुऱ्यालाही तो तितकाच सोयीचा पडतो. रेमिंग्टनचा खटका चापाच्या मागे आडवा असतो. खिसा पाहून घ्यायची असेल तर मॉसबर्गचीच मॅव्हरिक ८८ चांगली. तिचा खटका मात्र रेमिंग्टनसारखा आडवा आहे. यांपैकी काहीही घ्या, पण घरातल्या ज्या ज्या माणसाला ती वापरता आली पाहिजे, त्याने एकच खटका मनात पक्का करावा.

नळी अठरा ते साडेअठरा इंचांची घ्या. १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टनुसार अठरा इंचांपेक्षा आखूड नळीच्या शॉटगनची वेगळी नोंदणी लागते, आणि अठ्ठावीस इंची नळी घरातल्या बोळातून वळवताना भिंतीला आपटते. खांद्याला टेकवायच्या दस्त्याऐवजी मागे नुसती मूठ असलेल्या आखूड बंदुका दिसायला आटोपशीर असतात. मी त्या कुणालाच सुचवत नाही. खांद्याला टेकत नसलेल्या बंदुकीचा नेम धरणं सरावलेल्या माणसालाही जड जातं.

अंगाला बसली पाहिजे

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. कारखान्यातून येणारा दस्ता साधारण चौदा इंचांचा असतो, म्हणजे चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर तेवढं. तो सहा फुटी माणसाच्या मापाने केलेला असतो. पाच फूट एक इंच उंचीच्या माणसाने ही बंदूक उचलली की कोपर ताठ होतं, पाठ मागे झुकते आणि दस्ता खांद्याच्या खळग्याऐवजी दंडावर टेकतो. मग पहिलाच बार उडाला की दंड काळानिळा होतो आणि ती व्यक्ती बंदुकीला पुन्हा हात लावत नाही. माझ्या घरात नेमकं हेच झालं. बायकोला नेमबाजी जमत नाही असं आम्ही दोघांनी वर्षभर मानलं. खरं तर तिच्या हातात माझ्या मापाची बंदूक होती.

मापाचा सोपा मार्ग असा: दुकानदाराकडून बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घ्या, स्वतःही करा. दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या घडीत टेकवा, हात काटकोनात ठेवा. तर्जनी चापापर्यंत सहज पोचली तर माप जवळपास बरोबर. मग खांद्याला लावा. नाक आणि अंगठा यांच्यात दोन-तीन बोटांचं अंतर राहायला हवं. मॅगपुल कंपनीचा दस्ता पट्ट्या घालून-काढून साधारण साडेबारा ते साडेचौदा इंचांपर्यंत जुळवता येतो, आणि मॉसबर्ग आखूड दस्त्याची बँटम मॉडेलंही काढते. घरातल्या सर्वांत लहान चणीच्या माणसाचं माप धरा. उंच माणूस आखूड दस्त्यावर निभावून नेतो, बुटक्याला लांब दस्ता झेपत नाही.

बाराबोरचा धक्का सोसत नसेल तर ट्वेंटी गेज घेण्यात कमीपणा नाही. पण त्याआधी कमी धक्क्याची काडतुसं आणि धरायची पद्धत आजमावून पाहा: पुढच्या हाताने मूठ पुढे रेटायची आणि मागच्या हाताने दस्ता खांद्यात ओढून धरायचा. रस्सीखेचीसारखा हा ताण धरला की धक्का बराच कमी जाणवतो.

काडतुसं आणि कागदावरचा नेम

"शॉटगनला नेम लागत नाही, छर्रे पसरतात" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की आता ते ऐकलं की आधी सगळ्यांना नेमबाजीच्या रेंजवर नेतो. घरातल्या अंतरावर, सात यार्डांवर (यार्ड म्हणजे तीन फूट), साध्या नळीतून सुटलेले छर्रे ढोबळमानाने सात इंचांत राहतात. काही काडतुसांत, उदाहरणार्थ फेडरल कंपनीच्या फ्लाइटकंट्रोल जातीच्या, ते मुठीएवढ्या जागेत जातात. नेम चुकला तर सगळेच छर्रे चुकतात.

पक्ष्यांसाठीचे बारीक छर्रे घरासाठी घेऊ नका. ते पुरेसे खोल जात नाहीत. अमेरिकेत पोलीस आणि घरमालक बहुधा डबल ऑट बकशॉट, म्हणजे जाड छर्ऱ्यांचं काडतूस, वापरतात. त्याचा छर्रा ०.३३ इंचाचा असतो, आणि पावणेतीन इंची काडतुसात असे आठ किंवा नऊ छर्रे असतात. जादा भाराच्या तीन इंची मॅग्नम काडतुसाची घरात गरज नाही, त्याने फक्त धक्का वाढतो. लक्षात ठेवायची गोष्ट ही, की इथल्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी सांगाड्यावर दोन्ही बाजूंनी ठोकलेला अर्ध्या इंचाचा ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचा पातळ तक्ता. आपल्याकडच्या विटांच्या भिंती नव्हेत. बकशॉट अशा एकाहून जास्त भिंतींतून आरपार जातं. बिछान्यामागच्या भिंतीपलीकडे मुलाचा पाळणा आहे का, हे आजच पाहा.

मग घरातलं सर्वांत लांब अंतर मोजा, झोपायच्या खोलीच्या दारापासून बोळाच्या टोकापर्यंत. समजा ते नऊ यार्ड आलं. रेंजवर नऊ यार्डांवर मोठा कागद लावा आणि ज्या काडतुसांवर भरवसा ठेवायचा, तीच तीन झाडा, प्रत्येक नव्या कागदावर. बाहेर गेलेला प्रत्येक छर्रा मोजा, कारण घरात तो कुठल्या तरी भिंतीत जाणार आहे. वेगळ्या कंपनीचं काडतूस त्याच बंदुकीतून वेगळं पसरतं. दोन-तीन प्रकार पाहून सर्वांत आटोपशीर ठरेल ते निवडा. कानात बोळे घाला आणि वर कर्णरक्षकही चढवा. घरी आल्यावर साबणाने हात धुवा, शिसं हाताला लागलेलं असतं.

काय जोडायचं

दिवा, बाकी काही नंतर. पंप बंदुकीला दोन्ही हात लागतात, त्यामुळे बॅटरी तिसऱ्या हातात धरता येत नाही. स्ट्रीमलाइट कंपनीचा टीएल रॅकर हा पुढच्या मुठीतच बसवलेला दिवा आहे, जुनी मूठ काढून लावायचा. घेताना तो तुमच्या मॉडेलचाच आहे ना, हे पाहा. खोलीतला दिवा लावता येत असेल तर आधी तोच लावा, कारण बंदुकीवरच्या दिव्याने एखाद्याला न्याहाळणं म्हणजे त्याच्यावर बंदूक रोखणंच. उजेड जमिनीवर किंवा छतावर पाडला तरी खोली उजळते.

नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी दिसत नसेल तर तिच्यावर ठळक रंगाचा ठिपका द्या. जास्तीची चार-सहा काडतुसं बंदुकीच्या कुशीला पट्टीत लावता येतात. खांद्याचा पट्टा घरात नको, दाराच्या मुठीत अडकतो.

ठेवणं आणि सराव

मी अशी ठेवतो: चेंबर (नळीच्या मागच्या टोकाचा, झाडायचं काडतूस बसतं तो कप्पा) रिकामं, नळीखालच्या नळकांड्यात काडतुसं, आणि बंदूक चटकन उघडणाऱ्या कुलूपबंद पेटीत. चेंबरमध्ये काडतूस ठेवत नाही, कारण बऱ्याच पंप बंदुका जोरात पडल्या तर सुटू शकतात. पलंगाखाली, कपाटाच्या वर, दाराआड उघडी ठेवणं मला मान्य नाही. उंचावर ठेवलेली लाडवांची बरणी मुलं शोधतात, तशी हीही शोधतात.

घरी सराव फक्त बनावट काडतुसांनी करा, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. प्रत्येक वेळी नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, मूठ मागे, आणि चेंबर व नळकांडं डोळ्यांनी पाहून बोटानेही चाचपायचं. मग मूठ शेवटपर्यंत मागे, शेवटपर्यंत पुढे. हळू चालेल, अर्धवट चालणार नाही. रोज दहा मिनिटं, दोन आठवडे. तेवढ्यानेही हाताला फरक कळतो.

रात्री आवाज आला तर

घरभर शोध घेत फिरायचं नाही. सगळ्यांनी आधीच ठरलेल्या एका खोलीत जमायचं, दार लावायचं, पलंगाआड बसायचं. एकाने ९११ला, म्हणजे पोलिसांच्या मदतीच्या नंबरला, पत्ता सांगायचा, घरात बंदूक आहे हेही सांगायचं आणि फोन चालू ठेवायचा. पोलीस आले की बंदूक खाली ठेवायची. गोळी झाडणं कधी कायदेशीर ठरतं हे राज्यागणिक वेगळं आहे, तेही आधी वाचून ठेवायचं.

आता आई-बाबांचं. भारतातून आले की पहिले दहा-बारा दिवस त्यांची रात्र आपली दुपार असते. पहाटे तीनला आई पाणी प्यायला उठते, बाबांना चहा हवा असतो, अनोळखी घरात त्यांना दिव्याचं बटण सापडत नाही. अंधाऱ्या बोळात उभी असलेली व्यक्ती चोर असण्यापेक्षा आई असण्याची शक्यता कितीतरी जास्त. म्हणून खोलीबाहेर पडण्याआधी घरातली सगळी माणसं मोजायची, आणि अंधारात मोठ्याने मराठीत विचारायचं, "कोण आहे?" ओ आली की बंदूक पेटीत परत.

ते येणार त्या आठवड्यात मी बोळात आणि स्वयंपाकघरात रात्रभर जळणारे छोटे दिवे लावतो, पाण्याचा तांब्या त्यांच्या खोलीत ठेवतो, पेटीच्या कुलपाची बॅटरी बदलतो आणि पेटीचा आकडाही.