गुहा-अस्वलांची हाडं वाचताना या चुका टाळा

यावलच्या जंगलात अस्वलाची विष्ठा फोडली की बोराच्या बिया आणि वाळवीची डोकी दिसतात. ते काय खातं, हे सांगायला आणखी काही लागत नाही. युरोपातल्या नामशेष गुहा-अस्वलाची मात्र बहुतेक हाडंच उरलीत, आणि ती वाचताना माणूस हमखास घसरतो. मीही घसरलो आहे.

पहिली चूक म्हणजे ढीग पाहून कळप समजणं. ऑस्ट्रियात मिक्सनिट्झच्या गुहेत इतकी हाडं होती की १९२०च्या सुमारास तिथली माती खतासाठी खणून नेली. चाळीसगावचा एक मित्र म्हणाला, "एवढी अस्वलं एका जागी राह्यली कशी भो?" राहिलीच नाहीत. दर हिवाळ्यात दोन मेली, तरी दहा हजार वर्षांत वीस हजार होतात! त्यात पिल्लं आणि म्हातारी अस्वलं बरीच असतात, कारण अंगावर पुरेशी चरबी न चढवता झोपलेलं अस्वल शीतनिद्रेतून उठत नसे. आपलं अस्वल शीतनिद्रा घेतच नाही, म्हणून सातपुड्याचं माप तिथे लावू नका.

सुळे पाहून मांसाहारी ठरवण्याचीही घाई नको. दाढा बघा: रुंद, दळायच्या. हाडांतल्या जड आणि हलक्या नायट्रोजनचं (समस्थानिकांचं) आपसातलं प्रमाणही बहुतेक ठिकाणी झाडपाल्याकडेच बोट दाखवतं. रोमानियातली काही हाडं वेगळं सांगतात, त्यामुळे 'सगळीच शाकाहारी' असंही लिहू नये.

कवटी दगडावर दिसली की पूजा झाली, ही सगळ्यात गोड चूक. स्वित्झर्लंडच्या ड्राखेनलोख गुहेत उत्खनन करणाऱ्या एमिल बेखलर यांना दगडी पेटीत रचलेल्या कवट्या दिसल्या. नंतरच्या अभ्यासकांना त्यांच्या रेखाटनांतच आपसात मेळ दिसेना. शिवाय पाणी हाडं हलवतं, छताचे दगड पडतात, आणि नवं अस्वल झोपायला जागा करताना जुनी हाडं कडेला लोटतं. फ्रान्समधल्या शोवे गुहेतली, १९९४ साली सापडलेली, खडकावरची कवटी मात्र माणसानेच ठेवली असावी, असं मला वाटतं. पण ठेवली म्हणजे पुजली असं नाही.

ही अस्वलं संपली त्याच सुमारास, म्हणजे साधारण २५,००० वर्षांपूर्वी, आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणे इथे माणसं शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी घडवत होती.

वागणुकीचा पुरावा हवा असेल तर हाडांवरून नजर काढून भिंतीकडे आणि जमिनीकडे बघा. झोपायला उकरलेले खळगे दिसतील, अंधारात अंग घासून गुळगुळीत झालेला दगड दिसेल. शोवेत तर नखांचे काही ओरखडे माणसांनी भिंतीवर काढलेल्या चित्रांच्या खाली आहेत, काही वर.