ग्रंथालयासाठी निधी मागताय? या चुका टाळा

फेब्रुवारी लागला की पुण्यातल्या ग्रंथालयांच्या कार्यवाहांचे फोन सुरू होतात. "मॅडम, अमुक कंपनीकडे सीएसआरचे पैसे शिल्लक आहेत म्हणतात. परवापर्यंत एक प्रस्ताव करून द्या ना." सीएसआर म्हणजे कंपनीने सामाजिक कामावर खर्च करायची रक्कम. मी विचारते, परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांच्या नावांची नोंद, शेवटचा कधी काढलात? ऑडिट कुठल्या वर्षापर्यंत झालंय? यावर बहुतेक वेळा उत्तर येतं, "ते बघावं लागेल."

बरीच वर्षं लहान-मोठ्या ग्रंथालयांची दप्तरं आणि प्रस्ताव बघते आहे. ग्रंथालयांना कोणी पैसे देत नाही, ही तक्रार मला पटत नाही. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक ग्रंथालयं उभारण्याचं काम नावानिशी घातलेलं आहे. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून याच कामासाठी आहे. राज्याचं परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालवण्याच्या खर्चासाठीचं अनुदान, २०२२ साली ६० टक्क्यांनी वाढलं. तरीही तेव्हा ड वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ४८ हजारच मिळू लागले, म्हणजे महिन्याला चार हजार. त्यात सेवकाचं मानधन, पुस्तकं, वीजबिल सगळं बसवायचं. तेव्हा बाहेरून पैसा आणायलाच हवा. तो बहुतेक वेळा अडतो तो आपल्याच कपाटातल्या फायलींपाशी.

चेंज रिपोर्ट रखडवणं

ही चूक मी सगळ्यात वर ठेवते, कारण हिच्यामुळे हातातोंडाशी आलेला घास जाताना पाहिलाय.

पेठेतलं एक जुनं ग्रंथालय. नाव सांगत नाही. चाकणच्या एका कंपनीने तिथला बालविभाग करून द्यायची तयारी दाखवली होती. बुटकी कपाटं, गोल टेबलं, मुलांच्या हाताला येतील अशी पुस्तकं. कंपनीच्या अधिकारी बाई स्वतः येऊन गेल्या, मुलांशी बोलल्या, त्यांना सगळं आवडलं. मग नेहमीची यादी आली: नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट एकचा उतारा, तीन वर्षांची ऑडिट, पॅन, १२ए आणि ८०जी ही आयकर सवलतीची प्रमाणपत्रं, सीएसआरचा निधी घेण्यासाठी लागणारा सीएसआर-१चा नोंदणी क्रमांक. कार्यवाह धर्मादाय कार्यालयातून ताजा उतारा घेऊन आले. त्यावर सात विश्वस्तांची नावं होती. त्यातले तिघे वारलेले, एक मुलीकडे नागपूरला कायमचे गेलेले. विद्यमान अध्यक्षांचं नाव नाही, कार्यवाहांचंही नाही.

निवडणुका वेळच्या वेळी झाल्या होत्या. इतिवृत्तं सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती. पण निवडणुकीनंतर धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा अहवाल, दाखल करायचा असतो, तो तीन कार्यकाळांत कोणीच केला नव्हता. प्रत्येकाला वाटलं, आधीच्याने केला असेल. म्हणजे करारावर सही करणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने विश्वस्तच नव्हता. कंपनीच्या विधी विभागाने नम्रपणे कळवलं की आधी हे पूर्ण करा.

ते पूर्ण करायचं म्हणजे काय, हे एकदा जवळून बघावं. पहिल्या कार्यकाळाचा रिपोर्ट मंजूर झाल्याशिवाय दुसरा पुढे सरकत नाही. मुदत उलटलेली, म्हणून प्रत्येकासोबत विलंब माफीचा अर्ज. वारलेल्या विश्वस्तांचे मृत्यू दाखले हवेत. एका कुटुंबाने वाडा विकून घर बदललेलं, पत्ता कुणालाच माहीत नाही. जुन्या सभेची नोटीस सगळ्या सभासदांना पाठवल्याचा पुरावा हवा, म्हणजे जावक नोंदवही. ती पोटमाळ्यावर सापडली, नेमकी हवी ती पानं वाळवीने खाल्लेली. या सगळ्यात ३१ मार्च उलटला आणि त्या वर्षीची रक्कम कंपनीने दुसऱ्या कामाकडे वळवली. बालविभाग अजून जिन्याखालच्या एका कपाटात आहे.

कायद्याने बदल झाल्यापासून ९० दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो. मी म्हणते पंधरा दिवसांत द्या. निवडणूक झाली त्याच आठवड्यात नोटीस, जावक नोंद, हजेरीच्या सह्या, इतिवृत्त, नव्या विश्वस्तांची संमतिपत्रं आणि जुन्यांचे राजीनामे एका फायलीत लावून टाका. कोणी विश्वस्त गेले तर महिन्याभरात घरी जाऊन मृत्यू दाखल्याची एक प्रत मागून घ्या. मागताना अवघड वाटतं, पण दहा वर्षांनी मागणं त्याहून अवघड असतं. आणि दर एप्रिलमध्ये परिशिष्ट एकचा ताजा उतारा काढून त्यावरची नावं वाचा. वकील बघतील म्हणून सोडून देऊ नका. वकील अर्ज लिहितील. जावक नोंदवही त्यांच्याकडे नसते.

मोठ्या नावांच्याच मागे लागणं

ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. या मापात भोसरी, चाकण, रांजणगाव पट्ट्यातल्या कितीतरी मध्यम कंपन्या बसतात. त्यांच्याकडे फारसं कोणी जात नाही. सगळे अर्ज हिंजवडीच्या त्याच चार दारांवर. कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायद्यातच आहे, तेव्हा आपल्या ग्रंथालयापासून जवळचा कारखाना कोणता, हे आधी बघा. आणि फेब्रुवारीत नव्हे, एप्रिल-मेमध्ये जा. तेव्हा वर्षाचं नियोजन चालू असतं.

इतिहास सांगत बसणं आणि मागणं विसरणं

पुण्यात ही फार खोलवर रुजलेली सवय आहे. शहराचा ग्रंथालयांचा वारसा मोठाच आहे. पुणे नगर वाचन मंदिराची सुरुवात १८४८ची, पुणे मराठी ग्रंथालय १९११चं. अभिमान असायलाच हवा. पण बारा पानांच्या प्रस्तावात नऊ पानं कोण थोर माणसं येऊन गेली याची, आणि शेवटच्या पानावर एक वाक्य: 'तरी ग्रंथालयाच्या सर्वांगीण विकासासाठी यथाशक्ती साहाय्य करावे.' देणाऱ्याने यातून काय समजायचं? कपाट द्यायचं, संगणक द्यायचा, की छप्पर दुरुस्त करून द्यायचं?

कोथरूडच्या एका ग्रंथालयाच्या समितीला सभागृहासाठी वातानुकूलन यंत्रं हवी होती. प्रस्ताव दोन ठिकाणांहून परत आला. मी ग्रंथपाल ताईंना म्हटलं, देवघेव नोंदवही काढा. दोघी बसून तीन महिन्यांची पानं चाळली. बऱ्याच नावांपुढे पेन्सिलीने बारीक 'घ' लिहिलेला होता. विचारलं तर म्हणाल्या, "ही घरी पोचवलेली. आजी-आजोबांना जिना चढवत नाही ना, जाताना देऊन येते मी." ग्रंथालय पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ताई रोज पिशवीत पुस्तकं घेऊन आठ-दहा घरी जायच्या, आणि समितीतल्या एकालाही हे माहीत नव्हतं.

नवा प्रस्ताव एका पानाचा केला. किती ज्येष्ठ सभासदांना घरपोच पुस्तकं जातात, किती जणांनी जिन्यापायी सभासदत्व सोडलं, एका मदतनीसाचं वर्षाचं मानधन किती, मोठ्या अक्षरांतली पुस्तकं घ्यायला किती. खाली एकच आकडा. परिसरातल्या निवृत्त बँक कर्मचाऱ्यांच्या एका गटाने महिन्याभरात ते पैसे दिले, आणि पुढच्या वर्षी न मागता पुन्हा दिले.

म्हणून माझा आग्रह असतो, दर महिन्याच्या शेवटी देवघेव नोंदवहीची बेरीज करा. मुलं किती, स्त्रिया किती, कुठल्या वारी गर्दी, कुठला विभाग थंड. अर्ध्या तासाचं काम आहे. नव्याने समितीत आलेल्या तरुण मंडळींना हे कंटाळवाणं वाटतं. त्यांना थेट इन्स्टाग्रामवर निधी मोहीम सुरू करायची असते. जरूर करा, पण त्या मोहिमेत सांगणार काय? सांगण्यासारखं जे आहे ते त्या नोंदवहीत आहे.

काही चुका थोडक्यात

रॉय प्रतिष्ठानाच्या असमान निधी योजनेचा, म्हणजे राज्याचा वाटा लागत नाही त्या योजनेचा, प्रस्ताव मराठीत करू नका. तो इंग्रजी किंवा हिंदीत, चार प्रतींत, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा असतो. थेट कोलकात्याला पाठवून वाट बघणारे लोक मी पाहिलेत.

त्याच योजनेत ५०, ६०, ७५, १०० अशा महोत्सवी वर्षांसाठी अर्थसाहाय्य मिळतं. समारंभ उरकून, मंडपवाल्याचं बिल थकल्यावर त्याची आठवण करून उपयोग नाही.

२ हजारांपेक्षा जास्त देणगी रोखीने घेतली तर देणाऱ्याला ८०जीची सवलत मिळत नाही. पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ हवं. नव्या करप्रणालीत ही सवलत मुळातच नाही, त्यामुळे फक्त करबचतीचं आमिष दाखवून आता देणगी मिळत नाही.

मिळालेल्या निधीचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, वेळेत द्या. उशीर झाला की पुढचं दार बंद होतं आणि कारण कोणी सांगत नाही.

मुलं परदेशी असलेल्या सभासदांकडून तिकडच्या खात्यातून पैसे मागवण्याआधी सनदी लेखापालांना विचारा. पाठवणाऱ्याचा पासपोर्ट भारतीय आहे की परदेशी, यावर नियम बदलतात.

पुस्तकदान म्हणजे निधी नव्हे

दिवाळीची साफसफाई झाली की खोकी येतात. जुनी क्रमिक पुस्तकं, पंधरा वर्षांपूर्वीची संगणकाची गाइडं, कव्हर गेलेले दिवाळी अंक. 'नाही' म्हणायला संकोच वाटतो म्हणून घेतली जातात आणि जागा खाऊन बसतात. दारावर स्वच्छ फलक लावा: आम्ही कोणती पुस्तकं घेतो, कोणती नाही. त्याखाली ग्रंथालयाला हव्या असलेल्या वीस पुस्तकांची किमतीसह यादी. पुस्तकांच्या दुकानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अप्पा बळवंत चौकात जाऊन ती विकत घेऊन देणारे लोक असतात. त्यांना फक्त यादी हवी असते.

अभ्यासिकेलाच ग्रंथालय समजणं

सदाशिव आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं ओसंडून वाहतात. अभ्यासिकेच्या फीमधून नियमित पैसा येतो आणि तो वाईट मुळीच नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत बसणाऱ्या त्या मुलांबद्दल मला आपुलकी आहे. पण जागेसाठी पुस्तकांची कपाटं एकमेकांना चिकटवून ठेवली की दार उघडायलाही फट उरत नाही. मग देवघेव घटते, आणि ग्रंथालयाचा वर्ग ठरवणाऱ्या तपासणीत तेच बोलतं. माझा नियम असा: अभ्यासिकेच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा पुस्तक खरेदीला, तो समितीच्या ठरावात लिहिलेला. आणि अभ्यासिकेच्या प्रत्येक मुलाला ग्रंथालयाचं कार्डही द्यायचं.

प्रसिद्धी पाहुण्यांची, वाचक अंधारात

२३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. या तीन दिवशी सगळी ग्रंथालयं त्याच वक्त्यांना बोलावतात आणि वृत्तपत्रांकडे एकाच छापाचे फोटो जातात: सात जण ओळीत, मध्ये शाल आणि नारळ. पत्रक कार्यक्रमानंतर तीन दिवसांनी पोचतं. ते छापून का येत नाही म्हणून रागावण्यात अर्थ नाही.

कार्यक्रम १२ ऑगस्टला करा. तो भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचा जन्मदिन, ग्रंथपाल दिन. त्या दिवशी आपल्या ग्रंथपालांचा सत्कार वाचकांच्या हातून होऊ द्या. फोटो पुस्तक निवडणाऱ्या मुलीचा काढा, तिच्या पालकांना विचारून. फर्ग्युसनच्या मैदानावर डिसेंबरात पुणे पुस्तक महोत्सव भरतो, तिथे लोक रांगा लावून पुस्तकं घेतात. त्या आठवड्यात आपल्या दर्शनी टेबलावर कुठली पुस्तकं आहेत? बहुतेक ठिकाणी तीच, जी ऑगस्टपासून तिथे आहेत.

आणि गूगल नकाशावर आपलं ग्रंथालय उघडून बघा. वेळ चुकीची असेल, फोन जुन्या कार्यवाहांचा असेल, तर आज दुरुस्त करा. याला निधी लागत नाही.

टक्केवारीवर प्रस्ताव करून देणारे

मंजूर रकमेच्या इतके टक्के द्या, सगळं आम्ही बघतो, असं सांगणारे फोन हल्ली फार येतात. देऊ नका. त्यांचा प्रस्ताव साच्यातला असतो, फक्त ग्रंथालयाचं नाव बदललेलं. आणि दिलेली टक्केवारी हिशेबात कुठल्या शीर्षाखाली दाखवणार, हे ऑडिटर तुम्हालाच विचारतो. शंका असेल तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात सकाळी लवकर जा, मूळ कागद बरोबर न्या, आणि त्यांनी सांगितलेली त्रुटी तिथेच वहीत लिहून घ्या.